पेटीतले गहू

पुण्यात भाड्याने घेतलेल्या फ्लॅटचा हॉल सोळा फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे. दलालाच्या मेसेजमध्ये साडेसोळा लिहिले होते. घर बघायला गेलो तेव्हा मी टेप लावला आणि ते सहा इंच कुठे गेले असे त्याला विचारले. तो म्हणाला, "सर, एवढं कोणी मोजत नाही."

मी मोजतो. केंद्र सरकारच्या ज्या खात्यात मी आहे तिथे माझे कामच मोजमापाचे. बदलीचा हुकूम हातात पडला त्याच दिवशी मी ग्राफपेपर आणला. पुण्याचा फ्लॅट मोजून आलो आणि त्यावर हॉल, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर काढले. घरातल्या प्रत्येक सामानाचे त्याच मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि जेवणाच्या टेबलावर ते इकडून तिकडे सरकवत बसलो. जे बसेल ते जाईल, जे बसणार नाही ते जबलपुरातच विकायचे.

बायकोने एकदाच येऊन पाहिले. दिवाण, फ्रिज, टीव्ही, सगळे तुकडे तिने ओळखले. मग म्हणाली, "महालक्ष्म्या कुठे?"

तो तुकडा मी कापलाच नव्हता. वर्षातले तीनच दिवस लागणारी जागा, म्हणून हिशेबात धरली नव्हती. ती तिथेच उभी राहिली. मी पाच फूट बाय तीन फुटांचा तुकडा कापला, हॉलच्या पूर्वेच्या भिंतीला लावला, आणि तिथून लोखंडी कपाट उचलून विकायच्या सामानात टाकले.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या राहतात. पुण्याकडे त्यांना गौरी म्हणतात. आमचे मुखवटे पितळी आहेत, आजोबा नागपूरहून जबलपूरला आले तेव्हा बरोबर आणलेले. धड म्हणून पत्र्याच्या दोन कोठ्या आहेत. वडील इथल्या फॅक्टरीत फिटर होते, त्या कोठ्या त्यांनी घरी बसून स्वतः केल्या. वर्षभर मुखवटे राहतात एका देवदारी पेटीत. दारूगोळ्याच्या अशा रिकाम्या पेट्या फॅक्टरीच्या लिलावात निघतात. जबलपुरातल्या अर्ध्या मराठी घरांत त्यांचे काही ना काही केलेले आहे, कुणाचा दिवाण, कुणाची मांडणी. आमच्या पेटीला दोन्ही बाजूंना दोरीचे कडे आहे आणि ती गव्हाने भरलेली असते. मुखवटे गव्हात ठेवलेले असतात.

हे गहू मुखवट्यांना धक्का लागू नये म्हणून नाहीत. आईची रीत अशी होती, की पेटी कधी रिकामी राहू द्यायची नाही. घरच्या लेकी आहेत, त्या उपाशी बसत नाहीत. दर भाद्रपदात जुने गहू काढायचे, ते दळून त्याच्याच पुरणपोळ्या करायच्या, आणि त्याच दिवशी नवे भरायचे. उन्हाळ्यात जबलपूरजवळच्या पाटणहून वर्षाचा गहू येतो, त्यातला पेटीचा वाटा पहिल्यांदा बाजूला निघतो. आणि गहू भरायचे कुणी, तर जी बाई पुढच्या वर्षी त्यांना उभे करणार तिने. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ज्या वर्षी आईला उभे राहवत नव्हते, त्या वर्षी पुण्याहून दादा आणि वहिनी आले होते. आईने खुर्चीत बसून दोन्ही सुनांकडे पाहिले आणि विचारले, "कोण भरतं?" वहिनी म्हणाल्या, "माझी संध्याकाळची गाडी आहे, तिलाच भरू द्या." माझ्या बायकोने भरले. दादा मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होता.

तेव्हापासून सगळे हीच करते. सोळा भाज्या, आंबील, फुलोरा, सवाष्णींच्या ओट्या. मी दळण आणतो आणि माळा बांधतो. दादा फोनवर व्हिडिओ कॉल करून नमस्कार करतो.

बदलीची बातमी फुटली आणि सगळ्यांनी मला एकच वाक्य ऐकवायला सुरुवात केली. समोरच्या दीदी म्हणाल्या, "चलो भैया, अपने देस जा रहे हो, अच्छा है।" ऑफिसात हारतुरे देताना साहेब हेच म्हणाले. आणि पुण्याहून दादा म्हणाला, "शेवटी आपल्या माणसांत येताय." मी एक्कावन्न वर्षांचा आहे. माझा जन्म इथला, शाळा इथली, आईवडिलांना पोचवले ते इथल्या नर्मदेवर. महाराष्ट्रात मी आयुष्यात सलग पंधरा दिवस कधी राहिलो नाही. मी घरी चाललो म्हणणाऱ्यांपैकी एकाने तरी विचारायला हवे होते, की मग हे काय होते. कुणी विचारले नाही. मुलगी कॉलेजात आहे. तिला मराठी सगळे समजते, बोलताना मात्र निम्मे हिंदी येते. तिला तर लोक आत्ताच सांगू लागले होते, की पुण्यात असे बोललीस तर हसतील. म्हणजे आपल्या माणसांत जायचे, आणि तोंड बंद ठेवून जायचे.

हा राग मी गिळला असता. पण मग दादाचा दुसरा फोन आला.

"तुझी बदली झाली ते एका परीने बरंच झालं," तो म्हणाला. "आता गौरी इकडे आणू. माझ्याकडे. थोरल्याच्या घरी असतात त्या, रीतच आहे. इतकी वर्षं तुम्ही लांब होतात म्हणून मी काही बोललो नाही."

लांब कोण होते याचा मी विचार करत होतो तोवर वहिनींनी फोन घेतला. "अहो भाऊजी, आमच्या सोसायटीत कुणी असल्या उभ्या महालक्ष्म्या बघितलेल्याच नाहीत. सगळ्यांना बोलावणार आहे मी. आणि तुमचं घर तर आमच्यापासून बारा किलोमीटर. तिला सांगा, दोन दिवस आधीच येऊन राहा. भाज्या चिरायला लागतात, पुरण असतं. माझ्याच्यानं गुडघ्यांमुळे होत नाही."

मी म्हणालो, "बघू."

ऑफिसात मी ठेकेदारांना तोंडावर खोटारडे म्हटलेले आहे. वरिष्ठांनी आणलेली मोजणी चूक होती म्हणून सही न करता परत पाठवली आहे. पण दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. त्याच्यासमोर माझ्या तोंडून "बघू"च्या पुढे काही निघत नाही.

बायको कणीक मळत होती. तिला सगळे ऐकू गेले होते, कारण वहिनी फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरज नसते.

"काय म्हणाले तुम्ही?" तिने विचारले.

"बघू म्हणालो."

"काय पाहून राहिले तुम्ही?"

तिचे माहेर इकडचेच, मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे. ती भांडत नाही. ती प्रश्न विचारते आणि कामाला लागते. त्या रात्री तिने पेटीवरचे लाल कापड काढून धुतले, वाळवले, इस्त्री केली आणि पुन्हा बांधले. मी टेबलावर बसून पूर्वेच्या भिंतीवरचा तो पाच बाय तीनचा तुकडा उचलला, ठेवला, उचलला. त्यांना देवही हवे होते आणि ते उभे करणारे हातही. फक्त घर त्यांचे हवे होते आणि आमंत्रण त्यांच्या नावाने. मी कुठल्याही ठेकेदाराचे असे बिल पास केले नसते. माणसे तिसऱ्याची आणि मोजणी स्वतःच्या नावावर.

हा राग ज्याच्यावर निघायला हवा होता त्याच्यावर निघाला नाही. सामान नेणाऱ्या कंपनीचा माणूस खोकी घेऊन आला. त्याने दोन इंची चिकटपट्टी आणली होती आणि बोली तीन इंचीची झाली होती. मी त्याला अर्धा तास उभा केला. तो बिचारा म्हणत होता, "सर, पकड एक ही है।" मी म्हणालो, "बात पकड की नहीं है।" मुलगी आतून आली आणि म्हणाली, "बाबा, काहून ओरडून राहिले? राग टेपवर आहे का काकांवर?" मग मी त्या माणसाला चहा दिला. त्याने सामान पाहिले, लिहिले, आणि स्वयंपाकघरातल्या गव्हाच्या पोत्यांपाशी येऊन मान हलवली.

"अनाज नहीं जाएगा सर। चूहा लगता है, ट्रक में बाकी लोगों का भी सामान रहता है।"

पाटणहून नुकताच आलेला वर्षाचा गहू होता. बायकोने पेटीच्या वाट्याची पिशवी, दहा किलोची, उचलून देवघरात नेऊन ठेवली. बाकीचा समोरच्या दीदींना आणि धुण्याभांड्याच्या बाईंना वाटला. वाटताना तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही. मी मात्र पाहत होतो. चांगला, टपोरा गहू होता. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माणसाची बदली होते, दिवाण जातो, फ्रिज जातो, आणि खायचा गहू जात नाही.

निघायच्या चार दिवस आधी दादा आला. मदतीला आलो म्हणाला. हातात एक छोटी बॅग. घरात खोक्यांचे डोंगर होते. त्याने एका खोक्याला हात लावला, तो त्यावर चहाचा कप ठेवण्यासाठी. पहिल्या दिवशी सदर बाजारात फिरून आला आणि येताना खव्याची जलेबी घेऊन आला. "पुण्यात ही गोष्ट मिळत नाही," असे म्हणत त्यातली निम्मी त्याने स्वतः खाल्ली. वडिलांचे हे घर आता भाड्याने जायचे होते. ते फिरून पाहताना त्याचे डोळे भरून आले आणि तो खरेच गहिवरला होता हे मला दिसत होते. त्याचाही मला राग आला. इथला पत्रा गळतो तेव्हा रडू येत नाही, तेव्हा माणूस बोलवावा लागतो.

जेवताना त्याने विषय काढला. "पेटी मी उद्याच गाडीने घेऊन जातो. ट्रकमध्ये देव टाकायचे नाहीत."

"ट्रकमध्ये कोण टाकून राहिलं दादा," बायको म्हणाली. "मांडीवर नेणार होती मी."

"तेच म्हणतो. तुझ्या मांडीवरून माझ्या मांडीवर." तो हसला. "तुझा तेवढाच भार कमी."

मुलगी भात कालवत होती. ती म्हणाली, "काका, तुमच्याकडे सोळा भाज्या कोण करेल?"

"तुझी आई आहे ना."

"अच्छा. आणि काकू?"

"काकू पाहुण्यांचं बघेल. पाहुणे काय कमी असतात?"

बायको उठून पोळी आणायला गेली. मी तोंड उघडले. मला म्हणायचे होते, की पाहुण्यांचे बघायला आमच्याकडे आजवर कोणी वेगळे लागले नाही. आणि मी म्हणालो, "दादा, गाडी किती वाजता आहे?" मुलीने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी अजून विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅस एजन्सीत गेलो. जादाचा रिकामा सिलिंडर परत करून त्याचा कागद घ्यायचा होता. परत आलो तेव्हा दार उघडेच होते. हॉलमध्ये दादा जमिनीवर बसला होता. त्याच्यासमोर वर्तमानपत्र पसरलेले होते आणि त्यावर गव्हाचा ढीग. लाल कापड सुटून पडले होते. दोन्ही मुखवटे सोफ्याच्या उशीवर उताणे ठेवलेले, छताकडे पाहत. पेटी आडवी करून तो तिच्या तळाला थापट्या मारत होता.

"अठरा किलो आहे रे," मला पाहून तो म्हणाला. "वजनकाट्यावर ठेवली. नुसती लाकडी पेटीच सहा. गाडीत चढवायची कोणी? गव्हाची काय गरज, तिकडे जुन्या साडीत नीट गुंडाळू."

मला वाटले होते मी ओरडेन. ओरडलो नाही. मी सोफ्याजवळ गेलो आणि मुखवटे सरळ केले, इतकेच.

बायको स्वयंपाकघरातून आली. दादाच्या प्रवासाच्या डब्यासाठी ती पुऱ्या तळत होती, हातात झारा होता. तिने ढीग पाहिला, मग पेटी पाहिली.

"रिकामी केली?" तिने विचारले.

"अगं, वजन कमी केलं. तिकडे भरू पाहिजे तर. गहू काय, सगळीकडे मिळतात."

"दादा, पेटी आत्ता पूर्ण रिकामी आहे?"

"हो. झटकली पण."

तिने झारा माझ्या हातात दिला. आत गेली, गॅस बंद केला, हातपाय धुतले. देवघरातून पाटणच्या गव्हाची पिशवी उचलून आणली. दहा किलोची पिशवी, एकटीने. मी पुढे झालो तर मान हलवून नको म्हणाली. पेटी सरळ केली, आतून कोरड्या फडक्याने पुसली आणि खाली बसून ओंजळीओंजळीने गहू भरायला लागली. दादाला काय चालले आहे ते आधी कळले नाही. निम्मी पेटी भरली तेव्हा कळले.

"हे काय करतेस?"

"उपाशी नाही ठेवत त्यांना," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "आई म्हणत ना, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तर व्हिडिओ काढला होता."

"अगं पण ते... भाद्रपदात भरायचे असतात."

"भाद्रपदातच भरणार होती. रिकामी तुम्ही आज केली."

दादा उठून उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिले. मला माहीत होते, आता मी काही बोलावे अशी त्याची अपेक्षा होती. मोठ्या भावाने असे पाहिले की धाकट्याने बायकोला बोलायचे असते. मी झारा हातात धरून उभा होतो आणि त्यावरून तेल फरशीवर ठिबकत होते.

"दादा," मी म्हणालो, "ज्या बाईने गहू भरले, महालक्ष्म्या तिच्या घरी उभ्या राहतात. आई हेच करायची. त्या वर्षी आईने विचारलं होतं तेव्हा तुमची संध्याकाळची गाडी होती. आजही तुझी संध्याकाळची गाडी आहे."

एवढे बोलायला मला किती वर्षे लागली हे मी मोजलेले नाही.

"म्हणजे मी एवढा प्रवास करून हात हलवत जाऊ?" तो म्हणाला.

बायकोने मुखवटे गव्हात ठेवले. वरून आणखी दोन ओंजळी घातल्या, लाल कापड बांधले, गाठ मारली. मग म्हणाली, "हात हलवत काहून? जलेबी उरली आहे ना, बांधून देते."

मुलगी दाराआड होती. तिचे हसू मला ऐकू आले. दादाला आले की नाही ते माहीत नाही.

तो पुढे जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. आईवडिलांपर्यंत गेला तो. माझ्या शिक्षणाला त्याने कधी काही पाठवले होते तेही निघाले. बायको पुऱ्या तळायला परत गेली. डबा भरला, पाण्याची बाटली भरली, जलेबी खरेच बांधली. त्याला रिक्षात बसवायला मी खाली गेलो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही आणि मीही वाकलो नाही. त्याच्याशी असे पहिल्यांदाच झाले. परत वर येताना पाय हलके वाटावेत अशी माझी अपेक्षा होती. तसे काही झाले नाही. राग तेवढाच होता. फक्त आता तो कुणावर आहे हे मला नीट माहीत होते.

वर्तमानपत्रावरचा जुना गव्हाचा ढीग बायकोने सुपात घेतला, पाखडला. "दळून आणा," ती म्हणाली. "आजच पोळ्या करते. घर सोडायच्या आधी खाऊन टाकू. इथलाच आहे."

त्या पोळ्या आम्ही तिघांनी खोक्यांवर ताटे ठेवून खाल्ल्या, कारण टेबल त्या दुपारीच बांधले गेले होते. पुरण नव्हते, नुसत्या तूप-गुळाशी खाल्ल्या. जेवण झाल्यावर मी ग्राफपेपर खोक्यावर उलगडला आणि तुकडे पुन्हा लावले. पूर्वेच्या भिंतीचा तुकडा जागेवर होता. बायको वाकून पाहू लागली.

"अजून एक फूट जागा होते का?" तिने विचारले. "समोर पानं मांडायला. ताईंनाही बोलवावं लागेल."

"वहिनींना? कशाला?" मी विचारले. माझा आवाज चढला होता.

"सवाष्ण आहेत घरच्या. बोलवायचंच असतं." ती ताटे उचलत होती. "फोन करून सांगा आजच. म्हणा, बारा किलोमीटर तर आहे. दोन दिवस आधीच येऊन राहा. भाज्या चिरायला लागतात."

मी तिच्याकडे पाहिले. ती हसत नव्हती. तिने सांगितले होते ते तसेच्या तसे करायचे होते.

दिवाणाचा तुकडा मी एक फूट सरकवला. मग फोन लावला. वहिनींनी उचलला आणि आधी विचारले, "निघाले का हे? पेटी नीट घेतली ना?" मी सांगितले की दादा निघाला, पेटी इथेच आहे आणि महालक्ष्म्या आमच्याकडे उभ्या राहतील. मग बायकोचा निरोप शब्द न बदलता सांगितला. 

"अहो पण माझे गुडघे," वहिनी म्हणाल्या.

"बसून चिरता येतात," मी म्हणालो. "हॉल सोळा फुटांचा आहे. मी स्वतः मोजला आहे."